चार नंबरची जागा

संग्रामने दोन कागद टेबलावर ठेवले आणि वरच्या कागदावर बोट टेकवलं.

"वर्तक मॅडम, हा गेल्या वर्षीच्या तपासणीचा तक्ता. तारीख बदला, सही करा. शुक्रवारी गिऱ्हाइकाचा ऑडिटर येतोय."

"आणि खालचा?"

"आल्बिनाचा. तो नंतर बघा. आधी हा."

विनिता वर्तकने आधी खालचाच काढला. कंपनीच्या डॉक्टरांची चिठ्ठी होती. आल्बिना लोपीस, वय चव्वेचाळीस, उजव्या अंगठ्याच्या मुळाशी सूज, पकड गेलेली, सध्याच्या कामास अपात्र. त्याखाली एक ओळ होती : घरगुती कामाच्या ताणामुळे असण्याची शक्यता. चिठ्ठीला मागून एक टाइप केलेला कागद टाचला होता. प्रकृतीच्या कारणास्तव मी स्वखुशीने राजीनामा देत आहे. सहीची जागा कोरी होती.

"हिने स्वतः दिलाय राजीनामा?"

"महिनाअखेर देईल. अंगठा चालत नाही तर काय करणार? आणि तक्ता हिरवा आहे, कामात धोका नाही, म्हणजे दुखणं आपल्याकडचं नाही. सिंपल आहे." संग्राम मालकांचा पुतण्या. वय तिशीचं, बोलणं सरळ, वागणंही तसं वाईट नव्हतं. तीन वर्षांपूर्वी तो उत्पादन बघायला आला, तेव्हापासून कंपनीत पंखे नीट फिरत होते आणि बायकांच्या संडासाला कडी लागली होती. म्हणूनच विनिताला त्याच्याशी भांडणं जड जायचं.

वालीवच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या दोन मजली गाळ्यात स्वयंपाकघरातले गॅस लायटर बनत. सहा टेबलं, प्रत्येक टेबलावर चार बायका. पहिली नळीत स्प्रिंग घालायची, दुसरी ठिणगीचा खडा बसवायची, तिसरी दांडा आवळायची. चौथी, म्हणजे चार नंबरची, तयार लायटर हातात घेऊन अंगठ्याने तीनदा दाबायची. तीनदा ठिणगी दिसली की लायटर खोक्यात, नाही दिसली की मागे. परदेशातल्या गिऱ्हाइकाला आता लायटरबरोबर एक कागदही हवा होता : बायकांच्या अंगाला या कामाने कुठे इजा होऊ शकते, ते तपासल्याचा.

तो कागद तयार करणं विनिताचं काम. दारावरच्या पाटीप्रमाणे ती सेफ्टी ऑफिसर होती. खोली मात्र आधी फिनाइल आणि झाडू ठेवायची होती, आणि उन्हाळ्यात अजून तसाच वास मारायची.

या खोलीत यायच्या आधी नऊ वर्षं ती खालच्या मजल्यावर पहिल्या टेबलावर बसत होती. लग्न होऊन आगाशीला आली तेव्हा सासरची केळीची वाडी तीन भावांत वाटली जात होती, आणि तिच्या नवऱ्याच्या, गुरुदत्तच्या वाट्याला विहीर आली पण झाडं कमी आली. सकाळी सासूच्या हाताखाली फुलं खुडून, डबा भरून ती कामावर निघायची. बारावी झालेली होती, अक्षर चांगलं होतं, म्हणून आल्या आल्याच टेबलाचा रोजचा तक्ता भरायचं काम तिच्याकडे आलं. कोण कुठल्या जागेवर, किती नग, किती बाद. पुढे बाहेरून बी. ए. केलं, मग रविवारी जाऊन औद्योगिक सुरक्षेचा डिप्लोमा. वर्गात सगळे तिच्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान. मालकांनी, जयवंतशेठनी, तिला वर बोलावून खुर्ची दिली, तेव्हा खालच्या बायकांनी वर्गणी काढून साडी दिली होती. त्यानंतर त्या तिला मॅडम म्हणू लागल्या. आधी थट्टेने, मग तसंच.

विनिताने गेल्या वर्षीचा तक्ता पुढ्यात ओढला. सगळीकडे हिरवा, फक्त गोदामात लाल. खोकी उचलणाऱ्या माणसांच्या पाठीपुढे लाल चौकोन होता, आणि त्यापायी हातगाड्या आल्या होत्या. ते बरंच झालं होतं. पण सहाही टेबलं हिरवी कशी, हे विनिताइतकं कोणालाच माहीत नव्हतं.

तपासणीला बाहेरून माणूस येणार होता. आदल्या संध्याकाळी ती स्वतः खाली गेली होती आणि म्हणाली होती, "उद्या साड्या नीट नेसून या. पाठ सरळ ठेवा. टेबलावर डबे, पिशव्या नकोत. जिने तिने कागदावर लिहिलेल्या जागी बसायचं." घरी पाहुणे यायचे म्हटलं की फाटकी चादर आत जाते, तशीच तिला ती तपासणी वाटली होती. आपल्या टेबलांची बाहेरच्या माणसापुढे शोभा व्हावी, एवढंच मनात. दुसऱ्या दिवशी चोवीस बायका लग्नाच्या फोटोला बसावं तशा बसल्या. त्या माणसाने प्रत्येकीचा एक फोटो काढला, मानेचा कोन, पाठीचा कोन, कोपराचा कोन मोजला, तासाभरात निघून गेला. कोन सगळे उत्तम होते.

"मला पुन्हा मोजायचंय," विनिता म्हणाली.

संग्रामने घड्याळ पाहिलं. "चार दिवसांत?"

"टेबलं सहा, पण काम एकच आहे. एक टेबल मोजलं की कळेल."

"मोजा. पण पद्धत तीच ठेवा. गिऱ्हाइकाकडे गेल्या वर्षीचा पडलाय. यंदा दुसरा काटा लावला आणि वेगळं वजन दाखवलं तर मला विचारतील, आधी खोटं सांगत होतात का."

तो गेल्यावर तिने किल्ली काढली. तिच्या खणात चार तऱ्हेचे कोरे तक्ते होते. एक अंगाच्या ठेवणीचा, म्हणजे गेल्या वर्षीचाच. एक वजन उचलण्याचा. एकावर माणसाची पुढून-मागून आकृती होती, दुखतं तिथे फुली मारायची. चौथा तिने डिप्लोमाच्या परीक्षेनंतर कधी उघडलाच नव्हता. हात एकच हालचाल पुन्हा पुन्हा करतात, त्या कामांसाठी होता तो.

त्या दिवशी आणि मंगळवारी सकाळी तिने आधीचे तिन्ही वापरून पाहिले, कारण उद्या कोणी म्हणू नये की हिने हवा तो निकाल देणारा कागद निवडला.

अंगाच्या ठेवणीचा तक्ता आल्बिनाला पुन्हा हिरवा म्हणाला. तिला यावेळी कोणी सरळ बस सांगितलं नव्हतं, तरी पाठ फारशी वाकलेली नव्हती, कोपर अंगाजवळ होतं. तक्ता अंगठा पाहतच नव्हता. वजनाचा तक्ता तर हसण्यासारखा होता. लायटरचं वजन शंभर ग्रॅम. ताप आलेल्या पोराला तराजूत बसवावं तसलं ते मोजमाप. आकृतीचे कागद तिने पहिल्या टेबलावर वाटले. दुपारी चारही परत आले. एकावरही फुली नव्हती.

आल्बिनाचाही कोरा होता. तो देताना तिने कागद दोन बोटांत, अंगठा न लावता, धरला होता.

"आल्बिना, हे काय?"

"काय म्हणजे? काय दुखत नाय."

"डॉक्टरची चिठ्ठी माझ्याकडे आहे."

आल्बिनाने इकडे तिकडे पाहिलं. वर कोपऱ्यात कॅमेरा होता. "फुली मारली तर उद्याच घरी बसवतील. न मारता महिनाअखेरपर्यंत तरी आहे ना." मग आवाज आणखी खाली आणून, "सकाळी भाकरी थापायला येत नाय. आमच्या एरॉलचा बाप थापतो. गोल नाय होत, पण खातो आम्ही. तू जा आता वर, विनिता."

नंदाखालला आल्बिनाच्या घराच्या मागे नारळाची झाडं होती, आणि डॉक्टरांनी तेवढं विचारून घरगुती ताण लिहून टाकला होता. झाडं दिराची होती. आल्बिना वर्षातून चार नारळ फोडत असेल तर जास्त.

मंगळवारी दुपारी एकपासून तीनपर्यंत विनिता स्वतः चार नंबरवर बसली. आल्बिनाला तिने शेजारी बसवलं, हातात स्टॉपवॉच दिलं. पहिल्या दहा मिनिटांत तिला जुनी लय सापडली. अर्ध्या तासाने अंगठ्याच्या मुळाशी कोमट झालं. पाऊण तासाने ती दाबताना खांद्यातून जोर काढू लागली. टेबलावरच्या बाकीच्या तिघी मान वर न करता तिला बघत होत्या.

"मॅडमचा हात नाजूक झालाय," टेबलावरच्या सगळ्यांत जुन्या सरलाताई स्प्रिंग घालता घालता म्हणाल्या. "खुर्चीत बसून बसून लोणी."

तिसऱ्या जागेवरची ऋतिका फिसकन हसली. दोन नंबरवरची शॅनन हसली नाही.

मिनिटाला सहा लायटर, म्हणजे अठरा वेळा दाबणं. दिवसाचे साडेसात तास. संध्याकाळी कागदावर गुणाकार केला तेव्हा आकडा आठ हजार शंभर आला, आणि तिला तो चुकला असं वाटून तिने पुन्हा केला.

जोर किती लागतो, ते मोजायचं यंत्र कंपनीत नव्हतं. घरी आल्यावर तिने स्वयंपाकघरातला वजनकाटा ओट्यावर घेतला, त्यावर लायटर उभा धरला आणि वरून दाबला. ठिणगी पडली तेव्हा काट्यावर साडेतीन किलो होतं. पुन्हा केलं. पुन्हा साडेतीनच्या आसपास.

"लायटर तोलतेस?" गुरुदत्त दारात उभा होता, पायाला वाडीतली माती. "आईने बघितलं तर म्हणेल, सून हातची गेली."

तिने त्याला सगळं सांगितलं. तो ऐकत ऐकत पाय धुऊन आला.

"मग काम धोक्याचं निघालं तर तसं लिहून टाक. अडतंय कुठे?"

"अडतंय ते फेऱ्याशी."

गुरुदत्तला फेरा ठाऊक होता. त्या नऊ वर्षांत घरी रोज तेच कानावर पडलेलं. कागदावर चार बायकांच्या चार जागा ठरलेल्या असत, पण पहिल्या टेबलावरच्या काय, बाकीच्या टेबलांवरच्या बायकाही त्या पाळत नसत. साडेदहाच्या चहाला, जेवणाला, तीनच्या चहाला उठायचं आणि परत येताना पुढच्या जागेवर बसायचं. असं प्रत्येकीच्या वाट्याला चार नंबर दोन तासांपेक्षा जास्त यायचा नाही. कोणी शिकवलं नव्हतं. जात्यावर हात बदलावा तसं ते आपोआप सुरू झालं होतं. कागदावर मात्र रोज तेच : चार नंबर, आल्बिना लोपीस. कारण जागा बदलली तर नग कोणाचे, बाद कोणाचे, हा घोळ वर कोणाला नको होता.

दिवाळीनंतर कॅमेरे लागले. प्रत्येक जागेचे नग वेगळे मोजायला सुरुवात झाली. जागेवर नाव चिकटवलं. फेरा बंद झाला, आणि कागदावर जिचं नाव चार नंबरला होतं ती खरोखरच चार नंबरला अडकली. पाच महिन्यांत आल्बिनाचा अंगठा गेला.

"मग हेच सांग त्याला," गुरुदत्त म्हणाला.

"सांगितलं तर तो विचारेल, रोजचा तक्ता कोण भरत होतं."

गुरुदत्तने टॉवेल खांद्यावर टाकला. "तूच."

"मीच. नऊ वर्षं. माझ्या अक्षरात."

काट्यावरचा लायटर उचलून त्याने जागेवर ठेवला.

बुधवारी जेवणाच्या सुट्टीत विनिता डबा घेऊन खाली गेली. बायका जिन्याखाली गोल करून बसल्या होत्या. तिच्यासाठी जागा झाली, पण जरा जास्तच झाली.

"सरलाताई, फेऱ्याचं लिहावं लागेल."

सरलाताईंनी घास तोंडात घातला, चावला, गिळला. "कसला फेरा?"

"ताई."

"आम्ही आमच्या जागेवर बसतो, मॅडम. कॅमेरा बघा."

"आता बसता. आधीचं म्हणते. ते लिहिलं नाही तर आल्बिनाला घालवतील. ते म्हणतील, अकरा वर्षं हीच बाई चार नंबरला, तेव्हा काही झालं नाही, मग आताच कसं? घरीच झालं असणार."

"आणि लिहिलं तर आम्हाला घालवतील." सरलाताईंचा आवाज चढला नाही. "अकरा वर्षं साहेबाला फसवलं म्हणून. माझं रिटायरमेंट चार वर्षांवर आलंय. या शॅननचं लग्न ठरलंय. तुझं काय, तू वर बसलीस. तुझ्या खुर्चीला नंबर नाही."

शॅनन मान खाली घालून डब्यातली भाजी एका कडेला सारत होती. ती फेऱ्यात फार उशिरा आली होती, विनिता वर गेल्यानंतर तिच्याच जागेवर.

आल्बिना डाव्या हाताने जेवत होती. "नको लिहू," ती म्हणाली. "मी देते राजीनामा. यांना कशाला त्रास."

"तू गप बस गं," सरलाताई तिच्यावर एकदम खेकसल्या. "मोठी आलीय त्याग करणारी."

डबे धुवायला सगळ्या उठल्या, आणि विनिताचा डबा अर्धा तसाच राहिला.

दुपारी तिने चौथा तक्ता भरला. जोर किती, तो मिनिटातला किती वेळ टिकतो, मिनिटाला किती वेळा, मनगट किती वाकडं, वेग किती, दिवसाचे तास किती. सहा गोष्टींना सहा आकडे आणि ते एकमेकांत गुणायचे. उत्तर तीनच्या आत आलं तर निर्धास्त. सातच्या वर गेलं तर काम धोक्याचं.

उत्तर साडेतेरा आलं.

मग तिने फक्त शेवटचा आकडा बदलला, साडेसात तासांच्या जागी दोन तास. पावणेसात. सातच्या खाली, पण जेमतेम. फेरा म्हणजे औषध नव्हतं, हेही त्यातून कळत होतं. तो धोका चौघींत वाटून घेणं होतं, एकीच्या अंगावरून उतरवणं होतं. आणि आल्बिनाचा अंगठा अकरा वर्षं का टिकला, याचं दुसरं उत्तर तिच्याकडे नव्हतं.

तिने दोन्ही उत्तरं एकाच पानावर लिहिली.

गुरुवारी सकाळी संग्रामने पान उभ्यानेच वाचलं, मग बसून वाचलं.

"साडेतेरा. लाल." त्याने पान खाली ठेवलं. "मी काय म्हणालो होतो? पद्धत तीच ठेवा."

"त्या पद्धतीला अंगठा दिसत नाही, सर. पाठ, मान, खांदा दिसतो. गोदामाला ती बरोबर होती. या टेबलाला नाही. मी ती पण लावून बघितली, मागे जोडलीय. हिरवीच आली."

"मग हिरवीच पाठवू ना."

"ऑडिटर खाली उतरून चार नंबरवर दहा मिनिटं उभा राहिला, तर त्याला मोजायला स्टॉपवॉच पुरे आहे. तो अठरा मोजेल."

संग्रामने कपाळ चोळलं. आदल्या रात्री तो झोपलेला दिसत नव्हता. एका गिऱ्हाइकावर सहातली चार टेबलं चालत होती, हे दोघांनाही माहीत होतं.

"ओके. समजा लाल आहे. पण आल्बिनाचा यात काय संबंध?" त्याने फाइलमधून जुने तक्ते काढले. बहुतेक पानांवर तेच निळं, गोल, नेटकं अक्षर. "बघा. चार नंबर, आल्बिना. चार नंबर, आल्बिना. अकरा वर्षं. काम एवढं धोक्याचं असतं तर हिचा अंगठा दहा वर्षांपूर्वी जायला हवा होता. म्हणजे एक तर तुमचा आकडा चुकीचा, नाहीतर दुखणं घरचं. दोन्ही खरं कसं असेल?"

विनिताने हा प्रश्न येणार हे कालपासून धरलं होतं.

"दुसरं उत्तर वाचा, सर. पावणेसातचं."

त्याने वाचलं. "दोन तास? दोन तास कोण बसत होतं?"

"चौघी. आळीपाळीने. चहाला, जेवणाला उठून जागा बदलायच्या. दिवाळीपर्यंत."

"पण इथे लिहिलंय—"

"ते खोटं लिहिलंय."

संग्राम पानांकडे पाहत राहिला. "कोणी लिहिलंय हे?"

"नऊ वर्षांची पानं मी. त्यानंतरची टेबलावरच्यांनी, पण मी लिहायचे तसंच. मीही फेऱ्यात होते. मीही चार नंबरला रोज दोन तास बसायचे. माझं नाव एकाही पानावर चार नंबरला नाही."

बाहेर मशीनचा आवाज चालू होता. संग्राम एकेक पान उलटत गेला, आणि तो ओरडला असता तर बरं झालं असतं असं तिला वाटलं.

"सेफ्टी ऑफिसर सांगतेय की तिने रेकॉर्ड खोटं भरलं," तो शेवटी म्हणाला. "आणि मी ते ऑडिटच्या आदल्या दिवशी खरं मानायचं. पुरावा? तुम्ही तिची मैत्रीण आहात. उद्या कोणी म्हणेल, तिला वाचवायला रचलंय."

"सरलाताईंना विचारा."

काल जिन्याखाली सरलाताईंनी काय म्हटलं होतं, ते तिच्या कानात होतं. त्यांनी "कसला फेरा" म्हटलं, की आल्बिनाही गेली आणि आपणही. पण संग्रामने फोन उचलला होता.

सरलाताई आल्या. हात पदराला पुसत दारातच उभ्या राहिल्या. बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत.

"सरलाताई, दिवाळीच्या आधी तुम्ही टेबलावर जागा बदलत होता?"

सरलाताईंनी टेबलावरचे जुने तक्ते पाहिले. मग विनिताकडे पाहिलं. विनिताने नजर खाली केली नाही, पण डोळ्यांनी काही मागितलंही नाही. मागायला तिला तोंड नव्हतं.

"मी तक्ता कधी भरला नाही, सर," सरलाताई म्हणाल्या. "मला ते रकाने समजत नाहीत. भरायच्या या मॅडम. नंतर ऋतिकाने भरला, यांचं बघून."

"मी ते विचारलं नाही. जागा बदलत होता का?"

"आम्ही काय, चहाला उठायचो. परत आलं की रिकामी दिसेल त्या खुर्चीवर बसायचो."

"रोज?"

"रोज."

"आणि चार नंबरवर?"

"तिथेपण कोणीतरी बसायचंच ना. एकटी आल्बिना बसली असती दिवसभर, तर तिला चमचा तरी धरता आला असता का?" त्या थांबल्या. "कोणी काय लिहिलं, ते मला माहीत नाही. जाऊ का? स्प्रिंगा पडल्यात."

त्या गेल्या. त्यांनी स्वतःला आणि टेबलाला सोडवलं होतं, आल्बिनालाही सोडवलं होतं, आणि सगळा भार अलगद एका माणसाच्या ओंजळीत ठेवला होता. विनिताला राग यायला हवा होता. तिला फक्त सुटल्यासारखं वाटलं, आणि लगेच पुढच्या गोष्टीची भीती वाटली.

संग्रामने जयवंतशेठना फोन लावला. तिला बाहेर थांबायला सांगितलं. ती वीस मिनिटं जिन्यापाशी उभी राहिली. काचेतून तो चालता चालता बोलताना दिसत होता, मध्येच बसताना, मध्येच ते पान डोळ्यांपुढे धरून वाचून दाखवताना.

मग त्याने आत बोलावलं.

"काका म्हणाले, खरा कागद पाठवा." तो तिच्याकडे न बघता बोलत होता. "लाल आला तर लाल. पण सोबत उपाय हवा. आजपासून सहाही टेबलांवर जागा फिरतील, घंटा वाजवून. नग टेबलाचे मोजायचे, जागेचे नाही. चार नंबरला हाताने दाबायच्या जागी पायाने चालणारं काहीतरी बसवता येईल का, ते वर्कशॉपला विचारतो. ते लिहा, आणि बाकीची पाच टेबलंही मोजून घ्या."

"आणि आल्बिना?"

"डॉक्टरला तुमचं पान पाठवतो. त्यांनी पुन्हा बघू दे. तोपर्यंत ती चार नंबर सोडून दुसरीकडे. राजीनामा राहू दे." त्याने तो टाचलेला कागद काढला, दोनदा घडी घातली आणि खणात टाकला. फाडला नाही, हे विनिताने पाहिलं.

"थँक्यू, सर."

"थांबा." त्याने प्रिंटरमधून एक कागद घेतला. अजून गरम होता. "हा तुमचा. रेकॉर्ड खोटं भरल्याबद्दल सात दिवसांत लेखी खुलासा. काका म्हणाले, हे सोडता येणार नाही. उद्या ऑडिटरने विचारलं की त्या माणसावर काय कारवाई केली, तर मला काहीतरी दाखवावं लागेल." तो थोडा अडखळला. "खुलासा बघून काका ठरवतील."

तिने दुसऱ्या प्रतीवर मिळाल्याची सही केली. तारीख घातली, वेळही घातली.

खाली आली तेव्हा ऋतिका चार नंबरवर बसली होती आणि आल्बिना एक नंबरवर, डाव्या हाताने स्प्रिंगा वेगळ्या करत. तिला ते जमत नव्हतं. दर दुसरी स्प्रिंग उडून टेबलाखाली जात होती आणि शॅनन वाकून उचलत होती.

"डॉक्टर पुन्हा बघणार आहेत तुला," विनिता म्हणाली. "सोमवारी. नीट सांग या वेळी. नारळाबद्दल विचारलं तर सांग झाडं दिराची आहेत."

"सांगते." आल्बिनाने तिच्या हातातल्या कागदाकडे पाहिलं. "तो कसला?"

"माझा आहे. उत्तर द्यायचंय."

"कशाचं?"

सरलाताईंनी मान वर केली नाही. पण त्यांचे हात थांबले होते.

"तक्त्यांचं. नऊ वर्षांच्या."

"मग काय लिहिणार?"

"लिहिलं होतं मीच, ते लिहीन. आणि ते कशासाठी लिहिलं होतं, तेही."

"त्याने भागेल?"

"माहीत नाही," विनिता म्हणाली. तिने कागद पर्समध्ये ठेवला आणि स्टॉपवॉच काढलं. पाच टेबलं अजून मोजायची होती, आणि शुक्रवार उद्यावर आला होता.